तुमची हवा कसली?

मामा,

आज सकाळी तुझ्या बंद दुकानाच्या फळीवर एक बाई बराच वेळ बसून गेली. काय हवंय विचारलं तर म्हणाली, "काय नाय गो. शेट असते तर म्हणाले असते, बाये, आधी सांग, तुमची हवा कसली? तेवढं ऐकायला आलेली." आणि पदर सावरून निघून गेली.

बाजारातल्या मंडळींनी तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितलेत. त्यांना तुझा जन्म, व्यापार, दानत, स्वभाव असं काहीतरी हवंय. मला ते जमणार नाही. मेलेल्या माणसाला एकदम 'आपण' करून उंच फळीवर ठेवायचं आणि मग त्याच्याशी भांडायचं नाही, ही रीत मला मान्य नाही. आमच्याकडे मामाला अरेतुरे करतात. मी तेच करणार. आपला वाद अर्धा राहिलाय, मामा, आणि तू मधेच उठून गेलास.

कापडे गावातून मी तुझ्या घरी हायस्कूलसाठी आले तेव्हा माझ्या ट्रंकेत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. आमच्या बापानं घरात पुस्तक कधी आणलं नाही. सभेला गेला की धोतराच्या सोग्यात पत्रकं खोचून आणायचा. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. मला पहिल्यांदा वाचता आलेला शब्द 'बंधूंनो' हा होता, आणि पुढं चार शब्द जुळवता यायला लागल्यावर मीही तसंच लिहायला लागले. तू त्या ट्रंकेकडे बघून मामीला म्हणालास, "बघ, कापड्याची पोर कापडवाल्याकडे आली आणि येताना कागद घेऊन आली." मग माझं नाव घेऊन गिऱ्हाइकांना सांगायचास, "आमच्या दुकानात शालू एकच. पण त्याची घडी अजून कुणाला घालता आली नाय."

मी रागवायचे. तुला ते फार आवडायचं.

त्याच वर्षी आपल्या घराच्या मागच्या भिंतीला लागून बाबूशेटची भातगिरण सुरू झाली. दिवाळी झाली, भात झोडून झाला, की इंजिन धडधडायला लागायचं आणि तूस बाहेर फेकणारं पत्र्याचं तोंड नेमकं आपल्या मागच्या खिडकीकडे. थंडीत सावित्रीवरून धुकं यायचं आणि ती धूळ वर जायचीच नाही, गल्लीतच बसून राहायची. मामीची छाती पहिल्यापासून नाजूक. पावसाळ्यात कधीमधी धाप लागायची; गिरण सुरू झाली आणि थंडीभर लागायला लागली. भाकरी थापता थापता ती थांबायची, दोन्ही हात काटवटीत टेकायची आणि श्वासाची वाट बघत उभी राहायची. श्वासाची कुणी वाट बघतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि मग ती दुपार. मी शाळेतून आले तर तू माजघराची दारं-खिडक्या लावून अंधारात उभा. म्हणालास, "आत ये. दार लाव. बोलू नको."

कौलातल्या फटीतून उन्हाची एक तिरीप खाली येत होती. खांबासारखी भरीव. त्या उजेडात कण फिरत होते. किती, ते सांगता येणार नाही. वर जात होते, गिरक्या घेत होते, एकमेकांना न शिवता जात होते, जणू प्रत्येकाला कुठंतरी पोचायचं होतं. तू श्वास सोडलास तर सगळे वळले.

"ही बघ," तू म्हणालास. "हवा."

"ही धूळ आहे, मामा."

"मग हवा कुठली ती तू दाखव."

मला दाखवता आली नाही. शाळेत आम्ही पाठ केलं होतं की हवेला रंग नसतो, वास नसतो, आकार नसतो. इथं तर तिला सगळं होतं, आणि ती कोपऱ्यात झोपलेल्या मामीच्या नाकातोंडातून आत जात होती, बाहेर येत होती, परत आत जात होती. मी पदराचा बोळा तोंडावर धरला. तू पाहिलंस आणि हसला नाहीस. म्हणालास, "बरोबर. पण कुठलं कापड धरायचं, तेच तर बघायचं हाय."

त्यानंतर आपलं घर म्हणजे एक तमाशाच झाला. तू ताग्यामागून तागा काढायचास, कापडाचं टोक तोंडाला लावायचास आणि फुंकायचास, पलीकडे तळहात धरून. फुंकर पलीकडे पोचली तर हवा जाणार. किती पोचली त्यावर तुझी मान हलायची. दुकानात गिऱ्हाइकासमोरही तेच. एकदा एक म्हातारी भडकली होती, आठवतं? "शेट, पोरीच्या लग्नाला उष्टं कापड देता काय वो?" तू हात जोडलेस आणि नवा तागा फोडलास, आणि ती पायरी उतरल्यावर मला म्हणालास, "हिच्या घरची हवा बरी असेल. तोंड चांगलं चालतंय."

मागच्या खिडकीला आधी मांजरपाट लावलंस. तूस थांबलं, हवाही थांबली. मामी घामानं भिजली आणि म्हणाली, "धुळीनं मेले असते ते बरं, अशी पेटीत घालून कशाला मारता?" मग मलमल एकेरी. हवा आली, पाठोपाठ धूळही आली. मग दुहेरी मलमल, दुसरी घडी पहिलीवर आडवी फिरवून. धूळ अडली, पण हवा पुन्हा कमी. तू आठवडाभर डोकं धरून बसलास. आणि मग चुलीपुढून मामी म्हणाली, "खिडकीएवढंच कापड कशाला? निऱ्या घाला. लुगडं एवढंसं दिसतं आणि केवढं असतं!"

तू उठलास. बांबूच्या चौकटीत निऱ्या घातलेलं ते दुहेरी मलमल तू खिडकीत बसवलंस, दारं पुन्हा लावलीस, आणि आपण तिघं अंधारात बसून राहिलो. इंजिन धडधडत होतं. तिरिपेतले कण हळूहळू विरळ झाले. मग फार थोडे उरले. आणि मग, मामा, तिरीपच दिसेना. सारवलेल्या भुईवर उन्हाचा एक ठिपका होता आणि वर कौलात एक फट होती, आणि मधे काहीही नव्हतं. उजेड खाली आला होता, पण येताना कुणाला दिसला नव्हता.

देवळात आणतोस तसा आवाज खाली आणून तू म्हणालास, "साफ हवेत उजेडसुद्धा लपतो गो."

मी त्या दिवसानंतर पुष्कळ सभा ऐकल्या, मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. इतकी स्तब्ध मी पुन्हा कधी झाले नाही. हे तुला सांगायचं राहिलं. तू विचारलंही नाहीस, आणि मी तेव्हा थक्क होण्याला दुबळेपणा समजत होते.

मग लोक यायला लागले. तू कुणालाच दुसऱ्याच्या घरचं कापड दिलं नाहीस. आधी विचारायचास, "तुमची हवा कसली?" मग पांढऱ्या मांजरपाटाचा एक तुकडा द्यायचास, म्हणायचास, हा दिवसभर खिडकीत टांगा आणि उद्या मला दाखवा. वरंध घाटात लॉरी चालवणारे इब्राहिमभाई आपल्या आईसाठी आले. त्यांचा तुकडा तांबडा होऊन आला. तू चिमटीत चोळलास. "ही जड धूळ. हिला मलमल कशाला वाया घालवायचं? ओला गोणपाट लावा, दुपारी पाणी मारत जा." इब्राहिमभाई म्हणाले, "मामू, साऱ्या बाजारात तुम्हीच असे, जे भारी माल मागितला तर गोणपाट दाखवता." तू म्हणालास, "तुमच्या आईला छान दिसायचंय का छान श्वास घ्यायचाय?" ते इतके हसले की समोरच्या हॉटेलातून चहा आपोआप आला.

आणि आमचं कापडे! आईनं, म्हणजे तुझ्या बहिणीनं, हट्ट धरला म्हणून तू तिच्याही स्वयंपाकघराला मलमल बसवून आलास. पुढच्या खेपेला आपण गेलो तर आई अभिमानानं दारात उभी. कापड पांढरंशुभ्र, कडक, बोटानं वाजवलं तर पापडासारखं वाजत होतं. आत धुरानं डोळे उघडवत नव्हते.

"ताई, हे काय केलंस?"

"धुतलं. खळ दिली. पावण्यांसमोर चुरगळलेलं बरं दिसतं काय?"

"खळ दिलीस? भाताची?"

"मग? तुझ्या दुकानातलं कापड हाय. बिनखळीचं लावून तुझी अब्रू घालवू काय रे?"

तू कपाळावर हात मारलास. घरात धुतलेल्या प्रत्येक कापडाला पेजेची खळ देणारी ही माणसं! कापडाची सगळी छिद्रं भाताच्या लुकण्यानं बंद झाली होती आणि आई गेला महिनाभर त्या पांढऱ्याशुभ्र अब्रूच्या मागं खोकत स्वयंपाक करत होती. परतीच्या गाडीत मी तुला माझं नवं पत्रक वाचून दाखवलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि खिडकीबाहेर बघत म्हणालास, "चांगलं हाय. खळ जरा जास्त झाली." मी पोलादपूर मागं पडेपर्यंत तुझ्याशी बोलले नाही.

पण त्याच खेपेला तू मला दुसरीही एक गोष्ट दिलीस. आईच्या घरातलं ते कापड तू धुऊन परत लावलं नाहीस. काढूनच टाकलंस आणि माझ्या बापाला वर चढवून चुलीवरची दोन कौलं उचलून धूर बाहेर जायला वाट केलीस. मी विचारलं, कापड का नको? "धूळ अडते. धुराला कापड नाय," तू म्हणालास. "धूर जिथं उठतो तिथंच त्याचं काय ते करायला लागतं."

संध्याकाळी आपण अंगणात उभे होतो. राब भाजायचे दिवस. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजत होते, खालपासून आंबेनळीच्या डोंगरापर्यंत जागोजागी धुराच्या दोऱ्या वर चढत होत्या, वर जाऊन एकमेकींत विणल्या जात होत्या, आणि अख्ख्या खोऱ्यावर एक निळं वस्त्र पसरलं होतं. तू कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिलास. मला वाटलं काही शहाणपणाचं बोलशील. तू म्हणालास, "केवढं हाय गो हे. आणि आपण त्यातलं ओंजळभर आत घेतो नि बाहेर टाकतो, आणि त्यावर जगतो."

त्या वाक्यासाठी मी तुझी ऋणी आहे. आणि 'धूर जिथं उठतो तिथंच' या वाक्यावरून मी तुझ्याशी भांडत राहिले.

कारण गिरणीची धूळही कुठून तरी उठतच होती ना? दुहेरी मलमल लावूनही मामीला पूर्ण बरं वाटलं नव्हतं. दार उघडलं की धूळ आत यायची. कापड दर चार दिवसांनी धुवायचं आणि धुताना तीच धूळ मामीच्या नाकात. मी पत्रक लिहिलं. त्या पत्र्याच्या तोंडाला उंच नळकांडं लावून ते छपराच्या वर न्यावं, किंवा तूस बंद खोलीत पाडावं, एवढीच मागणी. तुझ्यापुढं ठेवलं.

"छापू नको."

"का?"

"बाबूशेट शेजारी हाय. मी बोलेन त्याच्याशी."

"कधी?"

"बोलेन."

"मामा, याच गावात माणसं तळ्याच्या पाण्यासाठी उठली होती. आणि आपण हवेसाठी तोंडसुद्धा उघडायचं नाही?"

"पाणी अडवायला माणसं आडवी उभी व्हती, शालू. हवा कोण अडवतो?"

"अडवत नाही, घाण करतो. आणि तो कोण आहे ते तुला माहीत आहे."

तू मलमलीची घडी घालत राहिलास. हंगाम गेला. दुसरा आला, तोही गेला. तू बोलला नाहीस. मी तुला भित्रा म्हटलं, दुकानदार म्हटलं, आणखीही म्हटलं असेल. तू दर वेळी नव्या निऱ्या घातल्यास.

आणि या थंडीत, ऐन हंगामात, तू गेलास.

तुला नेलं त्या दिवशी बाबूशेटनं इंजिन बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीत भाताच्या गाड्या खोळंबल्या होत्या. त्यानं गाडीवाल्यांना हात जोडून परत पाठवलं, म्हणाला, शेजारचा माणूस गेलाय, दिवस होईस्तोवर गिरण चालायची नाय. इतकी वर्षं ज्या आवाजाला आपण कंटाळलो होतो तो थांबला, आणि घरात नुसतं मामीचं रडणं राहिलं. मग तेही कमी झालं.

चार-पाच दिवसांनी दुपारी मी चहा घेऊन गेले तर मामी भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला वाटलं, रडते. जवळ गेले.

"शालू," ती म्हणाली, "मला झोप लागते गो."

"लागू दे ना, मामी."

"तसं नाय. सरळ आडवी होऊन झोपते मी. उशा न लावता. छाती वाजत नाय. कितीतरी वर्षांनी थंडीत अशी झोप लागते, आणि कधी लागते बघ. हे गेले आणि मी मोकळा श्वास घेते. लोकांना काय सांगू? मला लाज वाटते."

मी खाली बसले. मामा, मी इतकी पत्रकं लिहिली, पण ऐन थंडीत गिरण बंद असताना एक बाई कशी श्वास घेते हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. तुझ्या मरणानं ते दाखवलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. तिचे खांदे हलत नव्हते. गळ्याखालचा खळगा आत ओढला जात नव्हता. छाती नुसती वर येत होती, खाली जात होती, कुठलाही आवाज न करता. मी बघतच राहिले. माणूस श्वास घेतो, ही केवढी प्रचंड गोष्ट आहे!

मग तिनं मला ते सांगितलं, जे तू सांगितलं नाहीस. मी यायच्या आधी एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं, तू घाटावर माल आणायला अडकलेला, आणि मामीला धाप लागलेली. बाबूशेट छातीभर पाण्यातून आला, तिला पाठीवर घेतलं आणि स्वतःच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. म्हणून तू त्याला कधी काही बोलू शकला नाहीस.

मला कारण कळलं, मामा. पटलं नाही. उपकार तू विसरला नाहीस हे थोर आहे, आणि आधी माहीत असतं तर कदाचित मी तुला दुकानदार म्हटलं नसतं. पण तू ते उपकार फेडत होतास कशानं? श्वासानं. आणि तो श्वास तुझा नव्हता. हे मी तुला तोंडावर म्हटलं असतं. तू काय उत्तर दिलं असतंस, याचा विचार मी रोज करते आणि रोज मला तुझं वेगळं उत्तर ऐकू येतं.

मामीला मी म्हटलं, "आता मी बोलते बाबूशेटशी. नाहीतर छापते."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझा मामा म्हणायचा बोलू नको. तू म्हणतेस बोलते. इतकी वर्षं तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून भांडलात. छाती माझी गो. मला विचारलं काय कुणी?"

मी नव्हतं विचारलं. तूही नाही.

तुझे दिवस झाले. काल दुपारी बाबूशेट आला. आत आला नाही, रीतीप्रमाणं उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी हातात. "वैनी, विचारायला आलोय. उद्या सकाळपासून गिरण चालू करू ना?"

मामी आजवर त्याच्याशी दाराआडूनच बोलत आली. ती उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि दारात येऊन उभी राहिली. मी मागं उभी. ती 'हो' म्हणणार अशी माझी खात्री होती.

"भावोजी," ती म्हणाली, "पाण्यातून मला तुम्ही काढलंत. ते मी विसरले नाय. पण तुमच्या तुसानं माझी छाती भरते. हे गेले तेवढे दिवस गिरण बंद व्हती आणि मी नीट झोपले. त्या पत्र्याचं तोंड वर करून घ्या, मग चालू करा."

बाबूशेटनं गिरणीकडे वळून बघितलं. "शेट कधी बोलला नाय मला."

"ते बोलणार नव्हते. मी बोलते."

"इतकी वर्षं तुम्हाला तरास व्हत व्हता?"

"व्हय."

त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. गल्लीच्या तोंडाशी एक गाडीवाला ओरडला, "बाबूशेट, उद्या पहिला नंबर आमचा बरं का!" बाबूशेटनं वळून सांगितलं, "उद्या नाय रे. आधी पत्रेवाल्याला बोलावतो. नळकांडं चढवायचं हाय." गाडीवाल्यानं दोन-चार शिव्या हासडल्या. बाबूशेटनं टोपी डोक्यावर ठेवली, मामीला नमस्कार केला आणि गेला.

मामी आत येऊन चुलीपुढं बसली.

"मी जास्त बोलले काय गो?"

"नाही."

"ह्यांना आवडलं असतं?"

मामा, हे तू सांगायला हवं होतंस. मी तुझी बाजू कधीच घेतली नाही, तेव्हा तुझ्या वतीनं खोटं तरी कशाला बोलू? मी म्हटलं, "मुळीच नाही. आठवडाभर तोंड फुगवून बसला असता. आणि मग सगळ्या बाजाराला सांगत फिरला असता की बायकोनं गिरणीचं तोंड वर केलं."

मामी हसली. बराच वेळ हसली, अगदी शेवटपर्यंत, मधे एकदाही खोकला न येता.